एका दिव्यापायी बिघडलेली माणसं

ऐकलंत का? नायगावपासून विरारपर्यंत चांगल्या घरची, नोकरीधंद्याला लागलेली माणसं हल्ली रात्रीची जेवणं उरकली की एक दिवा लावतात आणि विझवतात. पुन्हा लावतात, पुन्हा विझवतात. दिवा म्हणजे समई नव्हे, हॉलमधली ट्यूबलाईटही नव्हे. मोहरीएवढा एक एलईडी. तो एक सेकंद लागतो, एक सेकंद विझतो आणि समोर बसलेला चाळिशीचा बाप्या आतल्या खोलीकडे बघून ओरडतो, "अगं, ये लवकर, लागला!" वहिनी येतात, बघतात आणि विचारतात, "मग? याचं करायचं काय?" या प्रश्नाला आजवर एकाही नवऱ्याने सरळ उत्तर दिलेलं नाही.

या खुळाचं नाव मायक्रोकंट्रोलर. म्हणजे नखाएवढ्या जागेत प्रोसेसर, स्मृती आणि बाहेरच्या जगाशी बोलायला पाय, असं सगळं एकत्र असलेली चिप. घरच्या वॉशिंग मशिनमध्ये ती असते, मायक्रोवेव्हमध्ये असते, पण तिथे ती आपली गप्प काम करते, कुणाच्या अध्यातमध्यात नसते. खुळातली चिप मात्र निळ्या-हिरव्या बोर्डावर उघडी बसलेली असते. सगळ्यात गाजलेलं बोर्ड अर्डुइनो उनो. त्यावरची चिप सेकंदाला १ कोटी ६० लाख ठोके टाकते. आणि एवढ्या कर्तबगार चिपला हे लोक पहिलं काम काय सांगतात? दिवा लाव आणि एक सेकंद थांब. १ कोटी ६० लाख ठोके निव्वळ वाट बघण्यात! सरकारी खात्यावर आपण उगीच बोट ठेवतो.

आता कुणी घरात शिरलं की आपल्याकडे आधी घराणं विचारतात. या अर्डुइनोचं घराणं ऐकाल तर कानावर हात ठेवाल. जन्म इटलीतल्या इव्हरेआ नावाच्या गावी, २००५ साली, तिथल्या एका डिझाइन संस्थेत. नाव ठेवलं ते गावातल्या एका बारवरून. हो, बारच! संस्थापक मंडळींची संध्याकाळची बैठक तिथे असायची म्हणे. बारला ते नाव अर्डुइन राजाचं, जो १००२ साली इटलीच्या गादीवर बसला होता. म्हणजे राजाचं नाव बारला, बारचं नाव बोर्डाला आणि ते बोर्ड आज आपल्या आठवीतल्या पोरांच्या दप्तरात.

बरं, मूळ कल्पना तरी यांची का? त्याच संस्थेत एर्नांदो बारागान नावाचा कोलंबियाचा विद्यार्थी होता. त्याने २००३ साली पदव्युत्तर प्रबंधासाठी 'वायरिंग' नावाची अशीच सोपी व्यवस्था तयार केली. मास्सिमो बांझी हे त्याच्या मार्गदर्शकांपैकी एक. पुढे बांझी आणि मंडळींनी त्याच पायावर स्वस्त बोर्ड उभं केलं. बारागान त्यात नव्हता. २०१६ मध्ये त्याने ही सगळी हकीकत स्वतः लिहून जगापुढे मांडली. शिष्याचा प्रबंध आणि गुरूचं नाव! तुम्हाला वाटत होतं हे फक्त आपल्या विद्यापीठांत चालतं?

आणि भाऊबंदकी? तीही झाली. पाच संस्थापकांत फूट पडली, दोन कंपन्या झाल्या, दोघी म्हणाल्या की नाव आमचं. प्रकरण कोर्टात गेलं. २०१५ मध्ये एका गटाला अमेरिकेबाहेर 'जेनुइनो' या दुसऱ्याच नावाने माल विकावा लागला. २०१६ मध्ये समेट झाला. २०२५ च्या ऑक्टोबरात क्वालकॉम या बड्या अमेरिकी कंपनीने अर्डुइनो विकत घेत असल्याचं जाहीर केलं. वसईतल्या वडिलोपार्जित वाडीची गोष्ट यापेक्षा वेगळी असते का? पाच वारस, दोन गट, कोर्ट, समेट आणि शेवटी बिल्डर.

पण या भांडखोर कुटुंबाने एक काम असं करून ठेवलं की सारा अनर्थ तिथूनच झाला. बोर्डाचा नकाशा त्यांनी सगळ्यांसाठी खुला ठेवला. आमचं नाव लावू नका, बाकी खुशाल बनवा आणि विका! मग काय, चीनमधून प्रती आल्या. अस्सल बोर्डाला दोन हजारांच्या वर मोजावे लागतात, तिथे प्रत काहीशे रुपयांत मिळू लागली. दोन माणसांच्या वडापाव-चहाच्या चार खेपा वाचवल्या की बोर्ड हातात.

आधी असं नव्हतं हो. आधी कशी शिस्त होती! इंटेलची ८०५१ चिप १९८० साली आली आणि पुढे इंजिनिअरिंगच्या अभ्यासक्रमात जी ठाण मांडून बसली ती बसलीच. तिची भाषा असेंब्ली. तिच्या ज्या प्रकारात आपल्याला प्रोग्रॅम भरता यायचा, त्यातला जुना प्रोग्रॅम पुसायला चिपच्या काचेच्या खिडकीवर अतिनील दिवा धरून मिनिटंच्या मिनिटं बसावं लागायचं. प्रोग्रॅम भरायचं यंत्र वेगळं, ते लॅबच्या कपाटात आणि किल्ली कुणाकडे तरी. मुलगा रजिस्टरांची नावं पाठ करायचा, आकृती काढायचा, तोंडी परीक्षेला 'येस सर' म्हणायचा, पास व्हायचा आणि नोकरी सॉफ्टवेअरमध्ये करायचा. चार वर्षांत स्वतःच्या हाताने एक दिवा न लावता इंजिनिअर झालेली सज्जन माणसं तुमच्याही इमारतीत सापडतील. विचारून बघा.

आता ती मर्यादाच उरली नाही. बोर्ड लॅपटॉपला केबलने जोडायचं, फुकटातलं सॉफ्टवेअर उघडायचं, नमुन्यादाखल दिलेला 'ब्लिंक' प्रोग्रॅम घ्यायचा, बटण दाबायचं. बोर्डावरचा दिवा लुकलुकतो. फी नाही, सर नाहीत, हजेरी नाही. बोर्ड घ्यायचीही ऐपत नसेल तर टिंकरकॅड आणि वोक्वीसारखी साधनं आहेत, त्यांत पडद्यावरच खोटं बोर्ड, खोटी वायर आणि खोटा दिवा! वसई रोडला विद्यावर्धिनीचं इंजिनिअरिंग कॉलेज १९९४ पासून उभं आहे, विरारला शिरगावात विवाचं आहे. एवढी सोय दाराशी असताना किराणा दुकानदाराने, एलआयसीच्या निवृत्त साहेबाने आणि दहावीतल्या पोरीने प्रवेश परीक्षा न देता परस्पर चिप हातात घ्यायची म्हणजे काय!

बाधा झालेला माणूस ओळखायचा कसा? रविवारी तो घरच्यांना "जरा कामाने जाऊन येतो" एवढंच सांगतो. काम कुठे, तर ग्रँट रोडला. स्टेशनच्या पूर्वेला लॅमिंग्टन रोड. कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण तिथे जाणारा कुणीही हे नाव घेत नाही. रेझिस्टर, जम्पर वायरी, ब्रेडबोर्ड, सेन्सर, रिले अशी खरेदी करून स्वारी विरार लोकलमध्ये चढते. त्या गर्दीत माणसाला स्वतःची बरगडी सांभाळता येत नाही आणि हे महाशय हात वर करून एक खोका सांभाळत असतात. जाणकारांचा सल्ला असा की तो खोका गाडीत उघडू नये. लाल-काळ्या वायरी आणि लुकलुकणारा दिवा घेऊन मुंबईच्या लोकलमध्ये बसलेल्या माणसाला आपला छंद पोलिसांना समजावून सांगणं सोपं नसतं.

घरी आल्यावर खरा तमाशा. बोर्ड जोडलं, लॅपटॉपला दिसतच नाही. कारण काय, तर केबल मोबाईलच्या चार्जरबरोबर आलेली. तिच्यात नुसत्या विजेच्या तारा, माहिती नेणाऱ्या ताराच नाहीत. घरातल्या सगळ्या केबली तपासल्या जातात, मुलीच्या मोबाईलची काढली जाते, तिथे पहिलं भांडण. मग कळतं की स्वस्त प्रतीवर सीएच३४० नावाची वेगळी चिप असते आणि तिचा ड्रायव्हर लॅपटॉपमध्ये नाही. तो भरला, तर पोर्ट चुकीचं निवडलेलं. लाल अक्षरांत 'नॉट इन सिंक' असा संदेश दहा-दहा वेळा येतो. ते निस्तरलं, तर ओळीच्या शेवटी अर्धविराम राहिलेला. शाळेत मराठीच्या बाईंनी सांगून सांगून ज्याने विरामचिन्हं दिली नाहीत, तो माणूस रात्री साडेबाराला चष्मा पुसून अर्धविराम शोधतो. आणि शेवटी दिवा लागतो. त्या क्षणी त्याच्या चेहऱ्यावर जे येतं ते घरच्यांनी लग्नाच्या अल्बममध्येही पाहिलेलं नसतं.

इथवर ठीक होतं. दिवाच लावतोय, दारू तर पीत नाही, असं म्हणून वहिनींनी सोडूनही दिलं असतं. पण हे लोक दिव्यावर थांबत नाहीत. पुढचं ऐका, आणि कुणाला सांगू नका.

आपल्या पट्ट्यातलीच एक सोसायटी. नाव घेत नाही. पाण्याची रड नेहमीची, टँकर पाचवीला पुजलेला. तिथल्या एका निवृत्त काकांनी गच्चीवरच्या टाकीत झाकणाखाली अल्ट्रासॉनिक सेन्सर बसवला. दोन गोल डोळ्यांचं खेळणं ते, एचसी-एसआर०४. एका डोळ्यातून ४० किलोहर्ट्‌झचा आवाज सोडतं, म्हणजे आपल्या कानाला न ऐकू येणारा, आणि पाण्यावरून उलटलेला प्रतिध्वनी दुसऱ्याने पकडतं. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. जायला-यायला किती वेळ लागला तो मोजा, निम्मा करा, अंतर निघालं. पाणी चढलं की अंतर कमी. बोर्ड आईस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात, वर एम-सीलचा लेप. पहिले काही दिवस काकांचा रुबाब बघण्यासारखा होता. मग टाकीतल्या वाफेचे थेंब सेन्सरच्या डोळ्यांवर जमले आणि पहाटे तीनला बझर कोकलू लागला की टाकी भरली, टाकी भरली! टाकीत ठणठणाट. सगळी विंग नाईट ड्रेसमध्ये जिन्यात. तातडीची मीटिंग झाली. दोनशे-चारशे रुपयांत मिळणारा साधा फ्लोट स्विच हेच काम पिढ्यान्‌पिढ्या करतोय, हे सेक्रेटरींनी सर्वांसमक्ष सुनावलं. ते खरंही होतं.

काका गप्प बसले असं सगळ्यांना वाटलं. त्यांनी काय केलं, पाणी-वाफ सोसणारा दुसरा सेन्सर आणला आणि या खेपेला तो बसवला खालच्या जमिनीतल्या टाकीत, जिथे टँकर रिकामा होतो. टाकी ४ मीटर लांब, अडीच मीटर रुंद. म्हणजे तळ बरोबर १० चौरस मीटर. १० हजार लिटर पाणी ओतलं तर पातळी १ मीटर चढायलाच हवी, यात मत-मतांतराला जागा नाही. टँकर आला, गेला, बिल आलं १० हजार लिटरचं. काकांचं बोर्ड म्हणालं ८५ सेंटिमीटर. १५ सेंटिमीटर म्हणजे दीड हजार लिटर. पुढच्या फेरीलाही तेच, त्याच्या पुढच्यालाही तेच. काकांनी कुणावर आरोप केला नाही. फक्त तारीख, वेळ आणि सेंटिमीटर लिहिलेला कागद लिफ्टशेजारच्या नोटीस बोर्डावर लावला.

झालं! बझरने पहाटे तीनला जेवढी खळबळ उडाली नव्हती तेवढी त्या कागदाने भर दुपारी उडाली. टँकरवाला म्हणाला, हे खेळणं चुकतंय. काकांनी पट्टी टाकून मोजायची तयारी दाखवली. कमिटीतले दोघे म्हणाले, पाणी येतंय ना, मग कशाला वाकड्यात शिरायचं? तिसऱ्या मजल्यावरच्या मॅडमनी मात्र शांतपणे विचारलं, "काका, विजेच्या बिलाचंही असं मोजता येतं का हो?"

आता कळला ना या खुळातला खरा धोका? दिवा लुकलुकणं ही निव्वळ सुरुवात. ज्याने एकदा स्वतःच्या हाताने दिवा लावला, तो पुढे स्वतः मोजायला लागतो आणि मोजायला लागलेला माणूस दुसऱ्याने सांगितलेल्या आकड्यावर मान डोलावेनासा होतो. अशी चार माणसं प्रत्येक सोसायटीत निघाली तर कारभार चालायचा कसा!

वाडीवाल्यांचं तर विचारूच नका. अर्नाळा-भुईगावच्या बाजूला मोगरा, केळी, पानवेली सांभाळणारी माणसं. कुणाचा तरी कॉलेजात शिकणारा मुलगा मातीतला ओलावा मोजणारा सेन्सर घेऊन आला. दोन दातांचा, मातीत खुपसायचा. ओल असली की दातांमधून वीज जास्त वाहते, एवढंच त्याचं ज्ञान. आणि आपल्या समुद्राकाठच्या मातीत, विहिरीच्या पाण्यात मचूळपणा. खारं पाणी वीज अधिक नेतं. सेन्सर म्हणतो माती ओली आहे, वेली माना टाकतात. बापाने मातीत बोट घातलं आणि मुलाकडे नुसतं पाहिलं. पोरगा मात्र हटला नाही. त्याने दातांऐवजी मातीची विद्युतधारकता बघणारा, झाकलेल्या पट्टीचा सेन्सर आणला. तो मिठाला पहिल्याइतका भुलत नाही आणि त्याच्यासारखा गंजून झिजतही नाही. शिवाय कोरड्या आणि भिजलेल्या मातीचे आकडे बापाच्या बोटाशी ताडून घेतले. दुसऱ्याच्या आकड्यावर विश्वास नाही इथवर समजू शकतो. या पोराचा स्वतःच्या आकड्यावरही नाही! बाप आता दादरच्या फुलबाजाराला जाताना लोकलमध्ये मोबाईलवर वाडीचा ओलावा बघतो, असं शेजारची माणसं तोंडाला पदर लावून सांगतात.

सणासुदीला तर साथ उफाळते. गणपतीत कुणाच्या तरी मखरात उंदीरमामा मान हलवणार असतात. मान हलवते छोटी सर्व्हो मोटर. अडली की ती अर्धा-पाऊण अँपिअर वीज ओढते, बोर्डाचा जीव तेवढा नाही. व्होल्टेज कोसळतं, चिप बेशुद्ध पडून पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. ऐन आरतीत उंदीरमामा अर्धी मान हलवून थबकतात, पुन्हा अर्धी, पुन्हा थबकतात. पाहुण्यांना वाटतं केवढा जिवंत देखावा! उपाय साधा: मोटरला वेगळा वीजपुरवठा द्या आणि दोन्हींचं ग्राउंड एकत्र जोडा. नाताळात आपल्या गावांत गोठे सजतात, दारोदारी तारे लागतात. एका ताऱ्यात रंग बदलणारे १०० एलईडी बसवले आणि सगळे एकदम पांढरे पेटवले तर एकेकाचे ६० मिलिअँपिअर धरून ६ अँपिअर लागतात. लॅपटॉपचं साधं यूएसबी पोर्ट देतं अर्धा. तारा लाल-तांबूस पडतो आणि घरमालक सांगतो की थीमच तशी आहे.

आणि हे सगळं सरकारच्या आशीर्वादाने बरं का. नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनने २०१६ पासून शाळांना टिंकरिंग लॅबसाठी २० लाखांपर्यंत अनुदान द्यायला सुरुवात केली, सहावी ते बारावीच्या मुलांसाठी. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलवाल्यांनी संगणकाचे धडे मराठीतही फुकट वाटले. पोरं बिघडणार नाहीत तर काय होईल?

सुदैवाने समाजात अजून काही जबाबदार माणसं शिल्लक आहेत. त्यांनी ठिकठिकाणी रोबोटिक्सचे क्लास काढले आहेत. तिथे तेच बोर्ड सुबक पेटीत घालून चांगल्या भरभक्कम किमतीला देतात, वायरी कुठे जोडायच्या ते रंगीत चित्रात दाखवतात, मुलाला चूक करायची संधीच देत नाहीत आणि शेवटी प्रमाणपत्र देतात. हजेरी आहे, फी आहे, सर आहेत. म्हणजे ८०५१ च्या काळातली मर्यादा पुन्हा प्रस्थापित होण्याची आशा आहे. मुलाला या खुळापासून कायमचं वाचवायचं असेल तर याहून खात्रीचा इलाज नाही.

ज्यांना या खुळातून वाचायचंच नाही त्यांच्यासाठी चार शब्द. पहिल्या दिवशी घर स्वयंचलित करायला जाऊ नका, बोर्डावरचा दिवा लावा. दुसरा दिवा बाहेर जोडाल तर मध्ये २२० ओहमचा रेझिस्टर टाका, नाहीतर दिवा किंवा चिपचा पाय, दोघांतलं एक जाईल. मग एक बटण, मग एक सेन्सर. माहिती नेणारी एक चांगली केबल घ्या आणि तिच्यावर नाव घाला. सोल्डरिंग खिडकीशी करा, शिशाचं सोल्डर हाताळल्यावर जेवायच्या आधी हात धुवा. वाय-फायवाली ईएसपी३२ घेतलीत तर ती ३.३ व्होल्टची आहे, ५ व्होल्टचा सेन्सर थेट तिच्या पायाला लावू नका.

आणि पंप, गिझर, जिन्यातले दिवे यांच्या वाटेला जाऊ नका. रिलेवर १० अँपिअर छापलंय म्हणून पंपाची मोटर तिच्यावर चालत नाही, सुरू होताना मोटर कितीतरी पट वीज ओढते. मध्ये कॉन्टॅक्टर लागतो आणि तो बसवायला परवानाधारक वायरमन. त्याला बोलवा. त्याला कोडचं कौतुक नाही, दिव्याचं अप्रूप नाही, तो येतो, काम करतो, पैसे घेतो आणि जातो. सोसायटीत एवढा एक तरी माणूस शुद्धीवर राहायला हवा. परवा जाता जाता त्याने काकांना हळूच विचारलं म्हणे, "साहेब, हे बोर्ड कितीला पडलं?" बातमी खोटी निघो.